जनुकीय बदल केलेल्या शेवाळापासूनचं इंधन आपल्या बेळगाव भागातले लोक स्वीकारतील का?

गाडीत भरायला कुणी अडवणार नाही, अडेल ते शेवाळ वाढवण्यावर. चिकोडी-निपाणीकडे उसापासून इथेनॉल होतं, ऊस डोळ्यांसमोरचा. शेवाळ म्हटलं की माझ्या आईला विहिरीच्या पायरीवरचा हिरवा, निसरडा थर आठवतो. तिचा पहिलाच प्रश्न, "ते विहिरीत उतरलं तर?"

प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियात अशा शेवाळाच्या उघड्यावर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले: शेवाळ आसपास ठेवलेल्या पाण्यात पोचलं, मात्र स्थानिक शेवाळाला हटवू शकलं नाही. 'पोचलं' हेही लोकांना सांगायलाच हवं. आपल्याकडे जनुकीय बदल केलेला बीटी कापूस २००२ पासून चालला, तसंच बीटी वांगं मात्र २०१० मध्ये थांबलं. ताटातलं आणि पाण्यातलं माणूस जपतोच.

टाक्या कुठे, गळती झाली तर जबाबदार कोण, हे ग्रामसभेत कन्नडबरोबर मराठीतही आधी सांगितलं, तर माझा होकार आहे.