नूडल्समध्ये मेयो: आधी की नंतर?

प्रश्न : भाच्याने जपानहून ‘इप्पेइ-चान’ याकिसोबाचा (जपानी झटपट नूडल्सचा) डबा आणला. आतल्या सगळ्या पुड्या फोडून वरून उकळतं पाणी ओतलं, तर आंबूस, तेलकट पाणी तयार झालं. मेयोनीज खराब होतं का? (सांगली)

मेयो चांगलंच असणार, क्रम चुकला. नावात ‘याकि’, म्हणजे भाजलेलं, असलं तरी डब्यातल्या याकिसोबाला ना तवा लागतो ना सूप असतं. त्यातलं पाणी नूडल्स भिजण्यापुरतं, नंतर ते ओतून द्यायचं. आधी सॉस, मेयो आणि वरून भुरभुरायची पुडी बाहेर काढून ठेवा. आतल्या रेषेपर्यंत उकळतं पाणी घाला, झाकण लावून ३ मिनिटं थांबा. मग झाकणाच्या कडेची भोकं उघडून पाणी गाळा. धार थांबली की डबा तिरकाच धरून दोन-तीन हलके झटके द्या. तळाशी दोन चमचे पाणी राहिलं तरी सॉस पचपचीत होतो. आता सॉस घालून कालवा आणि मेयो अगदी शेवटी, वरून. त्या पुडीतून मेयोच्या बारीक धारा पडतात. नागमोडी सोडा आणि पुन्हा ढवळू नका. सॉसची पुडी गरम झाकणावर ठेवली तर चालते, मेयोची नको.

प्रश्न : ‘इप्पेइ-चान’सारखं मेयो घरी कसं करायचं? (ठाणे)

त्यात ‘काराशी’ ही जपानी झणझणीत मोहरी असते. आपली फेसलेली मोहरी तिच्या बरीच जवळ जाते. मोहरीची पूड गार पाण्यात फेसून १० मिनिटं ठेवा. गरम पाण्यात तिचा झणका उतरतच नाही. १ मोठा चमचा मेयोला पाव छोटा चमचा मोहरी पुरे. नूडल्सही घरीच करायच्या तर आपल्या साध्या मसाला नूडल्स घ्या. ७० ग्रॅम नूडल्स भरपूर पाण्यात २ मिनिटं उकळून निथळा. पाकिटातला मसाला अर्धाच घ्या. पाणी फेकल्यामुळे तो पूर्ण घातला तर खारट लागतो. सोबत १ छोटा चमचा सोया सॉस आणि तेवढंच केचप.

प्रश्न : सूपवाल्या नूडल्समध्ये मेयो घातलं की फाटतं. (नाशिक)

मेयो म्हणजे थोड्याशा आंबट पाण्यात अडकवलेले तेलाचे असंख्य थेंब. त्यांना धरून ठेवतं ते अंड्यातलं पिवळं. उकळत्या सूपमध्ये ते शिजून आकसतं, पकड सुटते आणि तेल वर तरंगतं. म्हणून मेयो पातेल्यात घालायचंच नाही. वाडग्यात १ मोठा चमचा मेयो, मसाला आणि अर्धी किसलेली लसणाची पाकळी घोटून घ्या. गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग एक डाव सूप बारीक धारेने ओतत फेटा. मिश्रण ताकासारखं एकजीव दिसलं की उरलेलं सूप घाला, नूडल्स सगळ्यात शेवटी. एकूण पाणी ३०० मिलिलिटरच्या वर नको. जपानी-कोरियन पद्धतीत यात कच्चं अंडंही फोडतात, पण ते एवढ्या उष्णतेत नीट शिजत नाही. लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांच्या वाडग्यात ते नको.

प्रश्न : बिनअंड्याचं मेयो चालेल? (बडोदा)

चालेल. बऱ्याच ब्रँडांत स्टार्च असतो, त्यामुळे ते सहसा फाटत नाही, उलट सूप दाट करतं. मात्र आपल्याकडचं बरंच मेयो गोडसर असतं. अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मिरपूड लागेलच.