ट्रान्सपोजेस शिकायला घेतोयस, तर आधी एवढं कर

ट्रान्सपोजेस म्हणजे डीएनएचा तुकडा एका जागेहून दुसरीकडे हलवणारं एन्झाइम. त्याची सगळी कुटुंबं एकदम वाचू नकोस. टीएन५ (जीवाणूंमधला असा एक हलणारा डीएनएचा तुकडा) हा एकच धर आणि तो पूर्ण समजून घे. मी सुरुवातीला दहा ठिकाणी हात घातला आणि महिनोन्महिने गोंधळलो.

पहिली गोष्ट ओळखीची. तुकड्याच्या मधोमध असलेला जनुक ट्रान्सपोजेस बघतच नाही, तो फक्त तुकड्याची टोकं बघतो. टीएन५मध्ये ती टोकं १९ बेसजोड्यांची, एकमेकांच्या उलट दिशेची. एकेका टोकाला ट्रान्सपोजेसचा एकेक रेणू बसतो, मग दोघे जवळ येऊन जोडी जमते. इथे थांब आणि कागदावर चित्र काढ, कारण खरी गंमत पुढे आहे: एका टोकाला धरलेला रेणू कापतो दुसरं टोक! म्हणजे दोन्ही टोकं एकत्र आल्याशिवाय काप पडतच नाही. अर्धवट कापलेला डीएनए पेशीला महागात पडतो, म्हणून मला ही रचना फार सुंदर वाटते.

कापण्याचं काम दोन अ‍ॅस्पार्टेट आणि एक ग्लुटामेट ही ट्रान्सपोजेसमधली अमिनो आम्लं करतात, मॅग्नेशियमचे आयन धरून. मॅग्नेशियम नसेल तर जोडी जमते, पण काप पडत नाही. प्रयोगात हे दोन टप्पे वेगळे करायला याचा उपयोग कर.

आधी एक धागा पाण्याने तुटतो, त्याचं मोकळं ३' टोक समोरच्या धाग्यावर हल्ला करतं आणि हेअरपिन (दोन्ही धागे टोकाला जोडले जाऊन झालेला वाकडा दुमड) बनते. तीही पाण्यानेच उघडते. मरिनर या दुसऱ्या ट्रान्सपोजेस कुटुंबात मात्र हेअरपिन नसते, तेव्हा टीएन५चा नियम सगळीकडे लावू नकोस. टीएन५ नव्या जागी शिरला की त्याच्या दोन्ही बाजूंना ९ बेसजोड्यांची पुनरावृत्ती दिसते, पण तेवढ्यावरून तो टीएन५च आहे असं ठरवू नकोस.