जुन्या पिकअपला इंजिन घेताना

भाऊ, बोलेरो पिकअप जुनी, २५२३ सीसी डीआय (साधं डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनची असेल तर आधी हाफ इंजिनचा, म्हणजे आपलंच इंजिन उघडून दुरुस्त करायचा विचार कर. ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) किंवा क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) गेला नसेल, तर चांगल्या मेकॅनिककडून बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेतलेलं स्वतःचं इंजिन सगळ्यात भरवशाचं.

सेकंडहँडच घ्यायचं झालं, तर ते चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधी हात लावून बघ. गरम लागलं तर तुझ्या यायच्या आधीच कोणीतरी फिरवून ठेवलंय. स्टार्ट झालं की ऑइलचं झाकण उघड. धुराचे लोट भसाभस बाहेर येत असतील तर पिस्टनच्या रिंगा संपल्यात. झाकणाच्या आत दुधाळ चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी, तिथूनच परत फीर. मी एकदा नुसता नवा रंग बघून भुललो आणि दोन महिन्यांत हेड उतरवावं लागलं.

कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणारं) इंजिन स्वस्त मिळालं तरी जुन्या डीआय गाडीत बसवू नकोस, वायरिंग आणि ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) खर्च अंगावर येतो.

कागद मात्र सोडू नकोस. इंजिन नंबर असलेलं बिल घे आणि आरटीओत आरसीवर नवा नंबर चढवून घे.