बूट काढायची वेळ आली की पोटात गोळा

प्रश्न : ताई, विचारायला लाज वाटते पण विचारतोच. रोज दहा-अकरा तास पायात बूट असतात, त्यांना घाण वास येतो, कोणाच्या घरी गेलो आणि दारात बूट काढायची वेळ आली की पोटात गोळाच येतो. पावडर टाकून झाली, सेंट मारून झालं, एकदा तर पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले (बायको दोन दिवस बोलत नव्हती). थोडे दिवस बरं वाटतं, मग परत तेच. नवीन बूट घेऊन टाकू का?

उत्तर : घ्या, पण महिन्याभरात त्यांचीही तीच गत होणार, कारण सवयी जुन्याच आहेत ना. ताज्या घामाला खरं तर फारसा वास नसतो. पायावरचे बॅक्टेरिया घाम आणि मेलेली कातडी खातात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक ॲसिड वगैरे तयार होतं, तो आंबूस वास त्याचा. काही चीजच्या सालीवर जे ब्रेव्हिबॅक्टेरियम असतात त्यांचेच भाऊबंद बोटांच्या बेचक्यात राहतात, म्हणून ‘मोज्यांना चीजचा वास येतो’ म्हणतात ते काही उगाच नाही. फ्रीजरमध्ये हे मरत नाहीत, बरेचसे नुसते गारठून गप्प बसतात आणि पाय आत गेला की परत कामाला, त्यामुळे बायकोचा राग रास्तच होता.

या बॅक्टेरियांना हवा असतो ओलावा, तो तोडायचा. उद्या सकाळी बूट घालायच्या आधी आतला सोल उचला आणि त्याच्या खालच्या बाजूला बोट लावून बघा. वरून कोरडा वाटतो पण खाली दमट, चिकट लागेल, आणि वास नेमका तिथे असतो, सेंट मात्र तुम्ही वरून मारताय! म्हणून घरी आलात की लेस पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, सोल काढून वेगळा ठेवा आणि बुटात पेपरचे बोळे कोंबा, दोन तासांनी ते ओले झाले की बदला. तरी एका रात्रीत पूर्ण वाळतीलच असं नाही, त्यामुळे दोन जोड आलटून पालटून वापरणं हा सगळ्यात कामाचा उपाय. सोल काळा पडून बोटांचे ठसे उठले असतील तर तो फेका, बूट नको.

खायचा सोडा चालतो, तो ॲसिड मारतो, रात्री चमचाभर टाकून सकाळी झटकायचा, पण चामड्याच्या बुटात रोज नको, चामडं कोरडं पडतं. कडक उन्हातही चामडं तडकतं, ते सावलीत वाऱ्यावर.

आता पाय. बेचक्यात साबण लावून धुवा आणि तिथे नीट पुसा, हे कोणीच करत नाही. दुपारी मोजे बदला. घाम फारच येत असेल तर रात्री कोरड्या तळव्यांना ॲल्युमिनियम क्लोराइडवालं अँटीपर्स्पिरंट लावून बघा. मात्र बेचक्यात खाज, सालं निघणं किंवा तळव्यावर बारीक बारीक खड्डे दिसले तर सोडा-बिडा बाजूला ठेवून स्किनच्या डॉक्टरांकडे जा, ते बहुतेक इन्फेक्शन असतं, मलम लागतं.

प्रश्न : मुलाचे कॅनव्हासचे बूट दर आठवड्याला धुते तरी वास येतो, असं का?

उत्तर : बहुतेक ते पूर्ण वाळायच्या आधीच पायात जातायत. सुट्टीच्या आदल्या दिवशी धुवा.