काळ्या रानातली ताम्रपाषाणयुगीन शेती माती तपासून ओळखता येते का?

तुमच्या गावाच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) जोर्वे संस्कृतीची, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची, खापरं सापडतात, आणि शेजारचं काळं रान तेव्हा कसलं जात होतं का हे फॉस्फेट चाचणीने कळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही कळणार. फॉस्फेट माणसं नि गुरं कुठे राहिली ते सांगतं. तरीही या चाचणीत उमटणाऱ्या निळ्या डागांचे नकाशे काढून खाली ‘प्राचीन शेतजमीन’ लिहिणारे शोधनिबंध बघितले की माझं डोकं फिरतं.

चाचणी सोपी आहे, म्हणूनच तिचा गैरवापर होतो. फिल्टर पेपरवर सुमारे 50 मिलिग्रॅम माती घ्यायची. त्यावर अमोनियम मॉलिब्डेटच्या आम्लयुक्त द्रावणाचे दोन थेंब, अर्ध्या मिनिटाने अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचे दोन, आणि दोन मिनिटांनी निळा रंग किती गडद आला ते बघायचं. अ‍ॅस्कॉर्बिकचं द्रावण रोज ताजं लागतं. स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनिअस या मृदाशास्त्रज्ञाला बीटच्या शेतांची माती तपासताना जुन्या वस्त्यांच्या जागी फॉस्फेट जास्त दिसलं, तिथून हे सगळं सुरू झालं. पण आपल्याकडे मातीत चुनखडीचे खडे असतात. माती फसफसली की समजायचं, आम्ल चुन्यानेच खाल्लं. फॉस्फेट भरपूर असूनही डाग फिका येतो. त्यात शेजारी ऊस असेल तर वरच्या थरात डीएपी आणि सुपर फॉस्फेट ही खतं मुरलेली. फॉस्फेट फारसं झिरपत नाही, म्हणून नमुना नांगरटीच्या खालून घ्या, असं पुस्तकं सांगतात. बरोबर आहे, पण ती पुस्तकं काळ्या मातीसाठी लिहिलेली नाहीत.

काळ्या रानाला उन्हाळ्यात मीटरभर खोल भेगा पडतात. वरची माती, खापराचे तुकडे, गेल्या वर्षीची जळकी धसकटं, सगळं त्यात पडतं. पावसाळ्यात माती फुगली की भेग मिटते आणि आतला माल तिथेच राहतो. खड्ड्याच्या भिंतीत तिरके, घासून चकाकलेले पृष्ठभाग दिसले तर ती माती अशी घुसळली गेलेली आहे. तिथे 80 सेंटीमीटरवर मिळालेला कोळसा कालचाही असू शकतो. राजस्थानात कालीबंगनला हडप्पापूर्व काळाचं नांगरलेलं शेत मिळालं, एका दिशेने सुमारे 30 सेंटीमीटर आणि आडव्या दिशेने सुमारे 190 सेंटीमीटर अंतरावरच्या सऱ्यांसकट. तसल्या सऱ्या काळ्या रानात टिकणं जवळपास अशक्य. त्या नाहीत म्हणून शेती नव्हती, हा निष्कर्ष निव्वळ आळशीपणाचा.

म्हणून पुरावा पांढरीत शोधायचा: चुली, राखेचे खड्डे, बळदं (धान्य साठवायच्या जागा). तिथली माती पाण्यात ढवळली की जळके दाणे वर तरंगतात, त्यालाच फ्लोटेशन म्हणतात. इथे माझा जुना वाद आहे. ‘आपल्या मातीत फ्लोटेशन होत नाही, वेळ वाया घालवू नका’ हे वाक्य मी या क्षेत्रातल्या मोठ्या मोठ्या लोकांकडून ऐकलंय. ओली चिकणमाती तशीच पिंपात टाकली तर होणारच नाही. तिचे गोळे दाण्यांसकट तळाला बसतात. आधी माती सावलीत पूर्ण वाळवा. कोरडं ढेकूळ पाण्यात पडलं की आपोआप विरघळत जातं, ओलसर ढेकूळ विरघळत नाही. नंतर बादलीभर पाण्यात मूठभर खायचा सोडा घालून रात्रभर भिजवा; सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि चिकणमातीचे कण सुटे होतात. दुसऱ्या दिवशी हाताने हलकं ढवळा, काठीने घुसळू नका. प्रत्येक थरातून 20 ते 40 लिटर माती हवी. तरंगणारा माल 0.25 मिलिमीटरच्या जाळीत आणि तळाचा 1 मिलिमीटरच्या जाळीत धरा. माल फडक्यात बांधून सावलीत वाळवा, उन्हात दाणे तडकतात.

पद्धत चालतेय का हे बघायला 100 खसखशीचे दाणे काळे होईपर्यंत जाळून नमुन्यात मिसळा आणि किती परत मिळतात ते मोजा. फारच कमी आले तर दोष तुमच्या हाताचा किंवा जाळीचा, मातीचा नाही.

नुसते दाणे मिळाले तर धान्य बाहेरून आलं असेल. कणसाच्या दांड्याचे तुकडे, काडीची पेरं आणि तणाचं बी सोबत असेल तर मळणी जवळपासच झाली. इनामगावला, पुणे जिल्ह्यातल्या घोडनदीकाठच्या जोर्वे वस्तीत, सातू हे मुख्य पीक होतं, शिवाय पाट आणि बांधही उघडे झाले. जवळच्याच वाळकीला हाडाचा फाळ मिळाला. शेतीचा पुरावा असा चारी बाजूंनी जमवावा लागतो. कालमापन दाण्याचंच करा, शेजारच्या कोळशाचं नको. दाण्यातलं नायट्रोजन-15 (नायट्रोजनचा जड प्रकार) जास्त असेल तर शेणखताची शक्यता धरता येते, पण कोरड्या हवामानातही ते वाढतं. मातीतल्या कार्बन समस्थानिकांवर (कार्बनच्या हलक्या-जड प्रकारांच्या प्रमाणावर) मात्र फार विसंबू नका; ज्वारी-बाजरी आणि रानातलं बरंचसं गवत त्यात सारखंच दिसतं.

हे आधीच लिहायला हवं होतं: परवान्याशिवाय पांढरीत खोदू नका. लोकांनी खतासाठी माती नेऊन दरड (थर दिसणारी उभी कड) उघडी पाडली असेल तर फोटो काढा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. त्यांच्या देखरेखीखाली नमुने घ्यायची वेळ आली, तर दरड तासून घेऊन खालच्या थरापासून वर जात घ्या. वरून सुरुवात केली तर वरची माती खालच्या नमुन्यांत सांडते.