चतुर पुन्हा त्याच काडीवर येतो

प्रश्न : घरच्या बागेत मोबाइलला छोटी मॅक्रो लेन्स लावून फोटो काढते. जवळ गेलं की फुलपाखरू उडतं, बसलंच तर फोटो हलतो. चांगल्या कॅमेऱ्याशिवाय हे जमणारच नाही का?

उत्तर : जमेल. कॅमेऱ्याचा विचार सध्या राहू द्या, आधी वेळ बदला. बहुतेक किड्यांच्या अंगात तरतरी येते ती उन्हाने, आणि उष्ण प्रदेशात ऊन झपाट्याने चढतं. उजाडल्या उजाडल्या बागेत जा. पानाच्या टोकाला रात्र काढलेली टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक अंगाचा किडा) तेव्हा तुम्हाला हातभर अंतरावर येऊ देते.

दुसरं म्हणजे, पाठलाग सोडा. चतुर भक्ष्यावर झेप घेतो आणि बहुधा त्याच काडीवर परत येतो. तो उडाला की काडीच्या टोकावर फोकस लावून थांबा.

घरच्या बागेचा खरा फायदा हाच, की कोण कुठे येतं हे आपल्याला माहीत असतं. माझ्या कुंपणाशी रुईचं झुडूप मी मुद्दाम वाढू दिलंय, कारण बिबळ्या कडवा फुलपाखराची मादी रुईवर अंडी घालते. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. (रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार घातक असतो.) कोष हिरवा किंवा फिकट गुलाबी असतो. फुलपाखरू बाहेर यायची वेळ जवळ आली की कवच पारदर्शक होतं आणि आतले नारिंगी पंख, काळी कड, तिच्यावरचे पांढरे ठिपके बाहेरून दिसतात. असा कोष दिसला की दुसरी कामं बाजूला ठेवा! नुकतं बाहेर आलेलं फुलपाखरू ओले, चुरगळलेले पंख खाली सोडून लटकलेलं असतं आणि ते सुकेपर्यंत उडू शकत नाही. फोटोला तेवढा वेळ पुष्कळ झाला. फांदीला मात्र हात लावू नका. पंख पसरण्याआधी ते खाली पडलं तर पंख कायमचे वाकडे राहू शकतात.

आता हलणाऱ्या फोटोबद्दल. इतक्या जवळून जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर भागच स्पष्ट येतो. म्हणून मोबाइल मिटलेल्या पंखांना समांतर धरा. स्क्रीनवर फुलपाखराच्या डोळ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि मग स्क्रीनला हात न लावता मोबाइलच अगदी किंचित पुढे-मागे करत सलग फोटो घ्या. डोळा स्पष्ट आला तर बाकीचं धूसर चालतं.

प्रश्न : किडा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की हलत नाही, असं ऐकलं. करून पाहू का?

उत्तर : अजिबात नको. फोटोसाठी जिवाला गारठवणं मला मान्य नाही. शिवाय गारठलेल्या किड्याचे पाय आखडतात, आणि निरखून पाहणाऱ्याला ते फोटोत कळतं.

प्रश्न : लाल जास्वंद फोटोत नुसता लाल डाग दिसते. पाकळीवरच्या शिरा येतच नाहीत.

उत्तर : भडक लाल रंगात कॅमेऱ्याची लाल रंग टिपण्याची मर्यादा आधी संपते आणि बारकावे पुसले जातात. एक्स्पोजर थोडं कमी करा, फोटो जरा काळपट वाटला तरी चालेल. दुपारचं डोक्यावरचं ऊन टाळा. ढगाळ दिवस उत्तम, नाहीतर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये पातळ पांढरं कापड धरा. शिरांसाठी ऊन कोवळं असताना फुलाच्या मागून येऊ द्या. आणि फोकस फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या पाच गोल लाल ठिपक्यांवर घ्या. पिवळे पराग त्यांच्या खालीच असतात, तेही बऱ्यापैकी स्पष्ट येतील. वारा असेल तर देठ काठीला सैल बांधून घ्या.