हरल्याच्या रात्रीचा माणूस

चि. मुलीस,
अ. उ. आ.

गुरुवारी आमच्याकडे जेवायला आलीस तेव्हा पानातली पोळी अर्धी तशीच राहिली. काकू म्हणाली, पोरीला बरं नाही. मी म्हटलं, पोरीला दोन प्रोफेसर झालेत. दुसऱ्या दिवशी तुझा तक्ता आला. डावीकडे मोठं नाव, उजवीकडे छोटं नाव. मध्ये पेपर किती, ग्रँट किती, विद्यार्थी कुठे नोकरीला लागले. खाली बारीक अक्षरांत एक ओळ: "डावीकडचे सर चिडतात म्हणे, पण त्यांच्या हाताखालून गेलेले सगळे पुढे गेलेत. काका, पीएच.डी.ला कुठे जाऊ?"

तक्ता नीटनेटका आहे. इचलकरंजीत वडिलांच्या मागांचा हिशोब लिहिणाऱ्या मुलीचा तक्ता असाच असणार. पण जो रकाना हवा तो त्यात नाही. हा माणूस हरल्याच्या रात्री काय करतो?

आले काका पुन्हा बास्केटबॉलवर, असं म्हणशील. आलो. पन्नास वर्षं जे बघितलं त्यातूनच बोलणार ना? वेदान्त मला येत नाही.

1973च्या ऑगस्टमध्ये मी मुंबईहून रॉलीला आलो, नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये टेक्स्टाइल शिकायला. व्हीजेटीआयची डिग्री होती. बास्केटबॉल म्हणजे नागपाड्याच्या पोरांचा खेळ, बसच्या खिडकीतून दिसणारा, यापलीकडे काही माहीत नव्हतं. रूममेटने थंडीत ओढत रेनॉल्ड्स कॉलिझियमला नेलं. आमचा खेळाडू डेव्हिड थॉम्प्सन हवेत चढला आणि खाली यायचं विसरला, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं. आमचा कोच नॉर्म स्लोन चौकड्यांचे असे कोट घालायचा की आमच्या खात्यात ते कापड कुणी पासच केलं नसतं. मार्च 1974 मध्ये ग्रीन्सबरोला आमच्या पोरांनी देशाच्या कॉलेज अजिंक्यपदाच्या सेमीफायनलमध्ये यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला, हरवलं, दोन जादा डावांनंतर 80-77. कोच जॉन वुडनची ती यूसीएलए सलग सात वर्षं अजिंक्य होती. त्या रात्री आम्ही रस्त्यावर नाचलो, आणि मी आयुष्यभराचा भक्त झालो.

तिथेच माझं चुकलं. जिंकलेल्या रात्री भक्त झालो. जिंकलेल्या रात्री सगळेच देव दिसतात.

1983चं घे. आमचा तेव्हाचा कोच जिम वाल्व्हानो अल्बुकर्कीला फायनलमध्ये शेवटच्या क्षणी ह्यूस्टनवर 54-52 असा जिंकला आणि कोर्टभर मिठी मारायला माणूस शोधत धावत सुटला. ते दृश्य या देशात अजून दाखवतात. मलाही आवडतं. पण त्यावरून वाल्व्हानो काय माणूस होता ते कळतं? काही नाही. 1990 मध्ये आरोपांच्या गदारोळात त्याला पद सोडावं लागलं. मग कॅन्सर झाला. फेब्रुवारी 1993 मध्ये त्या विजयाला दहा वर्षं झाली म्हणून रेनॉल्ड्समध्ये समारंभ होता, तेव्हा मी वरच्या रांगेत बसलो होतो. चालवत नव्हतं त्याला, तरी बोलला, आणि लोकांना हसवलं. एप्रिलअखेरीस गेला. वाल्व्हानो मला त्या दिवशी कळला, अल्बुकर्कीला नव्हे.

आता डावीकडच्या सरांविषयी. तू लिहितेस, चिडतात "पण" रिझल्ट देतात. हा "पण" मी अनेक वर्षं बॉब नाइटसाठी वापरला. इंडियानाचा कोच. 1976ची त्याची टीम 32 पैकी 32 सामने जिंकली. त्यानंतर पुरुषांच्या कुठल्याच कॉलेज टीमला पूर्ण मोसम न हरता ते अजिंक्यपद मिळवता आलेलं नाही. त्याची पोरं अभ्यास करायची, पदवी घेऊन बाहेर पडायची. फेब्रुवारी 1985 मध्ये पर्ड्यूविरुद्ध, सामना सुरू होऊन पाच-एक मिनिटं होत नाहीत तोच, पंचांवर चिडून त्याने खुर्ची उचलली आणि कोर्टावर भिरकावली. मी हसलो! दुसऱ्या दिवशी गिरणीत तो किस्सा रंगवून सांगितला. शिस्तीचा माणूस आहे म्हटलं. 2000 साली, सराव चालू असताना एका खेळाडूच्या गळ्याला हात लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि त्याच वर्षी विद्यापीठाने त्याला काढलं. त्याच्याविषयी माझं म्हणणं आता एवढंच, की त्याच्यासारखं ओरडायला मी शिकलो आणि त्याच्यासारखं शिकवायला मला कधी आलं नाही. तुझे ते सर कसे आहेत मला ठाऊक नाही. ओरडणारा प्रत्येक जण वाईट असतो असंही नाही. हरल्याच्या रात्री बघ म्हणतो आहे. तेवढंच.

29 मार्च 1982. ही तारीख मी विसरत नाही. फायनल, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, साठ हजारांवर माणूस. एका बाजूला आमचे शेजारी आणि हाडवैरी चॅपेल हिल, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, कोच डीन स्मिथ. दुसऱ्या बाजूला जॉर्जटाउन, कोच जॉन थॉम्प्सन, पावणेसात फुटांच्या वरचा धिप्पाड काळा माणूस, खांद्यावर कायम पांढरा टॉवेल. पहिल्या वर्षाच्या मायकेल जॉर्डनने बास्केट केली आणि चॅपेल हिल एका गुणाने पुढे गेली. 63-62. जॉर्जटाउनला वेळ होता. फ्रेड ब्राउन नावाच्या पोराच्या हातात बॉल होता. उजवीकडे आपला माणूस आहे असं त्याला वाटलं आणि त्याने पास दिला, थेट जेम्स वर्दीच्या हातात. वर्दी चॅपेल हिलचा. संपलं.

सगळ्या देशासमोर त्या पोराने अजिंक्यपद परक्याच्या ओंजळीत टाकलं होतं. आणि थॉम्प्सनने काय केलं? त्याला जवळ ओढून घट्ट धरलं. टीव्हीवर पोराचा चेहरा दिसेना, नुसता तो टॉवेल आणि ते दोन हात. दोन वर्षांनी, 1984 साली, जॉर्जटाउन जिंकली. ते अजिंक्यपद मिळवणारा थॉम्प्सन पहिला काळा कोच. तेव्हाही त्याने त्याच फ्रेड ब्राउनला मिठी मारली. पण मला ती दुसरी मिठी नको, पहिली हवी. दुसरी कोणीही मारेल.

ते मी सोमवारी रात्री बघितलं, डोळे पुसले. गुरुवारी गिरणीत काय केलं ते ऐक.

मी तेव्हा डाय हाऊसला, म्हणजे कापड रंगवायच्या खात्यात, शेड बघायचो. नेव्ही ब्लू पॉलिएस्टरचा लॉट जेट मशीनमध्ये होता. रात्री फोन आला, शेड कमी आहे, किती घालू? उशाशी वही होती. मी आकडा सांगितला. अर्ध्या झोपेत वरच्या ओळीतला, लाल रंगाचा, सांगितला. रात्रपाळीच्या पोराने, असेल वीस-एकवीस वर्षांचा, काट्यावर तोलून तेवढाच घातला. सकाळी कापड बाहेर आलं ते वांग्याच्या सालीसारखं. साहेब नमुना घेऊन खिडकीशी गेले, उजेडात धरला, विचारलं, कोणी तोललं? पोराने हात वर केला. मग माझ्याकडे बघितलं, साहेबांनी नव्हे, पोराने. मी वहीत बघत राहिलो. वही बरोबर होती ना! तीत चूक नव्हतीच. दुपारपर्यंत त्याला घरी पाठवलं.

घराचा हप्ता नुकताच सुरू झाला होता, त्या वर्षी कर्जाचं व्याज सोळा टक्क्यांच्या आसपास होतं. मुलगी सहा महिन्यांची. खात्यात परदेशी मी एकटा. आणि फोनवर बोललेलं कुठे लिहिलेलं असतं? त्याने पुन्हा विचारून खात्री करायला हवी होती, तसा नियमच होता. हे सगळं मी स्वतःला बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं सांगत आलोय आणि यातलं एक अक्षर खोटं नाही. तू असतीस तर काय केलं असतंस? नको, सांगू नकोस.

ती गिरणीही पुढे बंद पडली, इकडच्या बहुतेक गिरण्या पडल्या तशी. पोराचं आडनावही मला आठवत नाही. मान वळवून बघणं आठवतं.

म्हणून विचारतो, तुझ्या तक्त्यातल्या माणसाचा प्रयोग फसला, पेपर परत आला, ग्रँट गेली, त्या दिवशी तो कोणाकडे बघतो? जा आणि विचार. त्याच्या प्रसिद्ध विद्यार्थ्यांना नको, अर्धवट सोडून गेलेल्यांना विचार. पेपर नाकारला गेला त्या आठवड्याच्या लॅब मीटिंगला मागे बसू द्याल का म्हणून विचार. लाज कसली वाटते? पाच वर्षं द्यायची आहेत, भाजी घ्यायची नाही.

डीन स्मिथ आमच्या वैऱ्यांचा, तरी त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. त्यांचं घराणंच होतं. हा खेळ 1891 मध्ये शोधला तो जेम्स नेस्मिथ कॅन्सास विद्यापीठाचा पहिला कोच, त्याचा शिष्य फॉग अ‍ॅलन, अ‍ॅलनचा शिष्य स्मिथ. आणि मजा बघ, कॅन्सासच्या सगळ्या कोचांत जिंकल्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेला कोच एकच, खुद्द नेस्मिथ! 1965च्या जानेवारीत स्मिथची टीम हरून परतली तेव्हा त्याच्याच विद्यार्थ्यांनी त्याचा पुतळा फासावर लटकवला होता. बसमधून उतरून बिली कनिंगहॅमने तो ओढून काढला. खेळाडू कोणासाठी असं धावतात, विचार कर. त्यानंतर सहा वेळा शेवटच्या चारांत पोचून स्मिथ रिकाम्या हातांनी परतला, मग ते 1982. बास्केट करणाऱ्याने आधी पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, ही त्याच्या टीमची रीत. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, कोच त्याला बाहेर घेणार, दम खाल्ला की तो स्वतःच परत जायला मोकळा. दमलो हे सांगायची लाज वाटू नये, याची त्याने सोय करून ठेवली होती. शेवटी शेवटी त्याची स्मृती गेली. 2015 मध्ये गेला, तेव्हा मृत्युपत्रातून त्याच्या 180-एक जुन्या खेळाडूंना प्रत्येकी दोनशे डॉलरचा चेक आला, बाहेर जेवायला जा म्हणून. जॉर्डनलाही तेवढाच, आणि बाकावर बसून राहिलेल्यालाही तेवढाच.

उजवीकडच्या बाईंविषयी तू एकच वाक्य लिहिलंस, की पहिल्या भेटीत त्यांनी फसलेल्या प्रयोगांची वही दाखवली. ते वाक्य तू तक्त्याच्या बाहेर का टाकलंस?

मी सांगणार नाही कुठे जा. सांगितलं तर पुढे माझ्या नावाने खडे फोडशील. पण रविवारी ये. रेनॉल्ड्सला मुलींचा सामना आहे, दोन तिकिटं घेऊन ठेवली आहेत. आपली टीम जोरात आहे, बहुधा जिंकेल, म्हणून मुद्दाम पाहुण्यांच्या बाकामागची घेतली. शेवटची पाच मिनिटं कोर्टाकडे बघायचं नाही, त्यांच्या कोचकडे बघायचं. जाड स्वेटर आण, आणि काकूने डबा दिला तर आढेवेढे घेऊ नकोस.

तुझा,
काका